मदत हवी आहे: पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस_कमिट ऑफ करावं का?

नमस्कार मंडळी,

पैशांचे व्यवहार आणि वापरकर्त्यांच्या हालचालींच्या नोंदी (कुठलं पान उघडलं, काय शोधलं) आमच्याकडे एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातात. गर्दी झाली की कमिट (व्यवहार पक्का करायची पायरी) तुंबतात. सीपीयू निवांत, मेमरी भरपूर, पण पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत (कुठलं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारी यादी) पाहिलं तर काही कनेक्शन वॉलसिंकवर (वॉल, म्हणजे बदलांची आधी लिहायची नोंदवही, डिस्कवर उतरवणं) आणि बरीचशी वॉलराइटच्या लॉकवर ताटकळलेली.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो एफसिंकच (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री) ऑफ करा, दुसरा म्हणतो सिंक्रोनस_कमिट (वॉल डिस्कवर उतरेपर्यंत कमिटने थांबणं). पहिल्याची मला धास्तीच वाटते. पण दुसऱ्यात नेमकं काय पणाला लागतं? वीज गेली तर शेवटच्या चार नोंदी जातील, की टेबलच खराब होईल? आणि पैशांच्या व्यवहारांना धक्का न लावता हे जमेल का? वेगळा डेटाबेस काढा असं कृपया सुचवू नका, ते प्रकरण वरच्यांकडे अडकलंय.

जाता जाता: एक सिंक्रोनस स्टँडबाय (प्रत सांभाळणारा दुसरा सर्व्हर, ज्याच्या पोचपावतीसाठी कमिट थांबतं) जोडायचंही चाललंय. त्याने काय फरक पडेल?

प्रतिसाद

एफसिंकचा विषय कायमचा मिटवा. वीज गेल्यावर अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो, मग बॅकअपशिवाय गत्यंतर नाही.

सिंक्रोनस_कमिट ऑफ केलं की वॉल डिस्कवर उतरायच्या आधीच 'झालं' असं उत्तर मिळतं. वॉल रायटर (वॉल डिस्कवर उतरवणारी पोस्टग्रेसची प्रक्रिया) मूळ सेटिंगमध्ये दर २०० मिलिसेकंदांनी जागा होतो आणि धोक्याची खिडकी फार तर त्याच्या तिप्पट. तेवढ्यात सर्व्हर पडला तर त्या वेळचे व्यवहार रोलबॅक (रद्द) झाल्यासारखे गायब होतात, पण डेटा सुसंगत राहतो. पान उघडल्याची नोंद गेली तर कोण रडणार आहे?

हे व्यवहारागणिक ठरवता येतं. नोंदींच्या ट्रान्झॅक्शनमध्ये बिगिननंतर 'सेट लोकल'ने सिंक्रोनस_कमिट ऑफ करा, ते त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच राहतं. नुसतं 'सेट' नको! कनेक्शन पूल (तीच कनेक्शन्स आळीपाळीने वापरणं) असेल तर ते सेटिंग कनेक्शनला चिकटून राहतं आणि पुढे त्याच कनेक्शनवर पैशांचा व्यवहार आला की तोही बिनभरवशाचा.

त्याआधी नोंदी एकेक न टाकता शे-दोनशेच्या गठ्ठ्याने एका कमिटमध्ये टाकून बघा. कदाचित तेवढ्यानेच भागेल.

स्टँडबाय मात्र उलट्या दिशेने जातो: सिंक्रोनस_कमिट ऑफ नसलेल्या प्रत्येक कमिटला नेटवर्कची फेरी वाढते. आणि एकच सिंक्रोनस स्टँडबाय असून तो पडला, तर मुख्य सर्व्हरवरचे असे कमिटही लटकतात. ठेवायचेच तर दोन ठेवा आणि 'एनी १' (दोघांपैकी कुठल्याही एकाची पोच पुरे) लावा.