मार्गदर्शक नावापुरत्या नकोत
सल्लागार मंडळावर मोठी नावं असली की महिला चित्रपट महोत्सव उभा राहतो, हे असा महोत्सव भरवू पाहणाऱ्या तुम्हा मंडळींचं म्हणणं मला पटत नाही. फ्रान्समधला क्रेतेयचा महोत्सव बघा. जॅकी ब्युए आणि एलिझाबेथ त्रेआर यांनी तो १९७९ साली पॅरिसजवळच्या सो इथे सुरू केला, १९८५ मध्ये तो क्रेतेयला आला. ब्युए त्यानंतर कित्येक दशकं त्याच कामात राहिल्या! ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. विस्मरणात गेलेल्या दिग्दर्शिकेची प्रिंट शोधायची, सबटायटल्स करून घ्यायची, खेळ संपल्यावर तिला प्रेक्षकांसमोर बोलतं करायचं (हे तर खास कौशल्याचं काम), हे दीपप्रज्वलन करून निघून जाणाऱ्या पाहुण्यांकडून होत नाही. तुमच्या मंडळात ते कोण बघणार, हे आधी ठरवा.