पित्ताशयात खडे, वजन उतरवू की थांबू? मदत हवी आहे
सोनोग्राफीत पित्ताशयात 2 खडे निघालेत, मोठा 6 एमएमचा. दुखत अजिबात नाही, ताप-कावीळ नाही, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, म्हणून डॉक्टर म्हणाले ऑपरेशन सध्या नको, वजन हळूहळू उतरवा. घोळ असा की 2 महिन्यांत 14 किलो मी आधीच उतरवलंय, नाश्ता बंद, तेल जवळपास शून्य, आणि आता वाचतेय की झपाट्याने बारीक झालं तर पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, वर पोट तासन्तास रिकामं ठेवलं की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून घट्ट होतं. म्हणजे खडे मीच पाडले की काय! नाश्ता परत सुरू केलाय. (खडे विरघळवणारे घरगुती उपाय प्लीज नकोत.) खडे असताना ज्यांनी वजन कमी केलंय त्यांनी आठवड्याला किती उतरवलं, आणि जेवणात तेल किती ठेवलं?