एल४-एल५ च्या ऑपरेशननंतर एमआरआयमध्ये ‘नर्व्ह रूट एन्हान्समेंट’, परत गादी सरकली का?

नाशिककर_८४
आईचं (वय ५८) कंबरेतल्या एल४-एल५ मणक्यांमधल्या गादीचं (डिस्कचं) ऑपरेशन होऊन 4 महिने झाले. पहिले दोन महिने एकदम छान होती, आता तीन आठवड्यांपासून डाव्या पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत कळ जाते, जिना चढला की जास्त. डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टचा एमआरआय करायला सांगितला, रिपोर्टमध्ये ‘डावी एल५ नर्व्ह रूट जाड आणि एन्हान्सिंग, भोवती एपिड्यूरल स्कार’ असं लिहिलंय. घरात सगळे म्हणतायत परत ऑपरेशन करावं लागणार, आईने तर जेवणच सोडलंय. सोमवारी डॉक्टर भेटतील, तोवर कोणी समजावून सांगेल का प्लीज.

फिल्मवाला
मी एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण असे पेशंट रोज बघतो. आधी आईंना जेवायला लावा. नर्व्ह रूट म्हणजे मणक्यातून निघणाऱ्या नसेचं मूळ, आणि एन्हान्समेंट म्हणजे कॉन्ट्रास्टचं (गॅडोलिनियमचं) इंजेक्शन दिल्यावर तो भाग एमआरआयमध्ये चमकतो. निरोगी नस सहसा चमकत नाही कारण रक्तातलं औषध नसेत शिरू नये म्हणून तिथे एक आडपडदा असतो. गादीने नस बरेच दिवस दाबलेली असेल, किंवा ऑपरेशनमध्ये ती बाजूला ओढावी लागली असेल तर तो पडदा सैल होतो आणि नस चमकते. ऑपरेशननंतर पहिल्या 6 महिन्यांत हे बऱ्याच जणांत दिसतं, अगदी काहीच दुखत नसलेल्यांतही. त्यामुळे 4 महिन्यांवर फक्त या एका ओळीवरून परत ऑपरेशन ठरत नाही.
खरा प्रश्न स्कार (ऑपरेशनची जखम भरताना नसेभोवती होणारा व्रण) की परत सरकलेली गादी हा असतो, कॉन्ट्रास्ट त्यासाठीच देतात. स्कारमध्ये रक्तवाहिन्या असतात म्हणून तो लगेच आणि सगळाच चमकतो. सरकलेल्या गादीत त्या नसतात, ती मधे काळीच राहते, फार तर कडेने रेघ दिसते. म्हणून इंजेक्शननंतर फोटो लगेच काढावे लागतात, उशीर झाला तर औषध हळूहळू गादीतही मुरतं आणि फरक कळेनासा होतो. दुसरी खूण, गादी नसेला ढकलते, स्कार बऱ्याचदा आपल्याकडे ओढतो. रिपोर्टमध्ये ‘मास इफेक्ट’ (म्हणजे नस ढकलली जाणं) किंवा ‘रिकरंट डिस्क’ (परत सरकलेली गादी) हे शब्द आहेत का बघा.

सातारची_मावशी
मलाही ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात असंच आलेलं, रिपोर्ट वाचून रात्रभर रडले होते. डॉक्टरांनी फिल्म बघायच्या आधी मला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर, पायाचा अंगठा वर उचलून दाखवा म्हणाले. ताकद नीट होती म्हणून गोळ्या आणि फिजिओथेरपीवर ठेवलं, कळ जायला तीन-साडेतीन महिने लागले पण गेली. प्रत्येकाचं वेगळं असतं हे खरं, पण आईंची चप्पल चालताना पायातून निसटते का ते आजच विचारा, पावलाची ताकद कमी झाली की तसं होतं, आपल्या बायका असलं सांगतच नाहीत, वयाने होतंय म्हणून सोडून देतात.

नाशिककर_८४
खूप आभार दोघांचे. रिपोर्ट परत वाचला, ‘नो सिग्निफिकंट मास इफेक्ट’ आहे आणि रिकरंट डिस्क कुठेच नाही. चप्पल निसटत नाही म्हणते, टाचांवर चालून दाखवलं तिने आत्ताच, अंगठाही वर उचलला. मग सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल ना?

फिल्मवाला
हे सगळं चांगलंच आहे, पण शेवटचा शब्द तपासणाऱ्या डॉक्टरांचा. लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडायला लागलं तर सोमवारची वाट बघू नका, रात्र असली तरी इमर्जन्सीला न्या. ताप आणि कंबरेत सतत ठणका असेल तरी त्याच दिवशी दाखवा, इन्फेक्शन बघावं लागतं. आणि सोमवारी जाताना ऑपरेशनआधीची फिल्म किंवा सीडी नक्की न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघितली की त्यांना खूप सोपं जातं, आणि लोक नेमकी तीच घरी विसरतात.

नाशिककर_८४
जुनी सीडी कपाटात सापडली, पिशवीत घालून ठेवली. आईला सगळं वाचून दाखवलं, आत्ता वरणभात खाल्ला तिने.