नासकार : केवळ चालक बदलल्याने हे घडलेले नाही
जुने चालक निवृत्त झाले म्हणून नासकारचे, म्हणजे अमेरिकेतील मोटारशर्यत मालिकेचे, जुने प्रेक्षक दुरावले, हे मत मला अपुरे वाटते. नासकारचे सर्वांत गाजलेले चालक रिचर्ड पेटी १९९२ साली थांबले, तरी त्यानंतर स्टँड ओस पडले नव्हते. खरा घाव बसला तो ठिकाणांवर. नॉर्थ कॅरोलिनातील नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक जेमतेम ०.६२५ मैलांचा, समोरची बाजू उताराची आणि मागची चढाची. त्याच्या शर्यती १९९६ नंतर टेक्सास व न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅककडे वळवण्यात आल्या. साउथ कॅरोलिनातील डार्लिंग्टन ट्रॅकच्या भिंतीला घासून उजव्या बाजूचा रंग उडालेली गाडी ही ज्यांना लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुटीची खूण वाटे, त्यांच्याकडून तो मुहूर्तच २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ट्रॅकने नेला आणि तो परत मिळायला २०१५ उजाडले. त्याच २००४ पासून हंगामाच्या अखेरच्या दहा शर्यतींआधी आघाडीच्या चालकांचे गुण जवळपास सारखे करण्याची पद्धत आली, म्हणजे सहा महिने सातत्याने कमावलेली आघाडी दूरचित्रवाणीवरील चुरशीसाठी एका दिवसात पुसली जाऊ लागली. हे मला आजही अन्यायाचे वाटते. नॉर्थ विल्क्सबरोला २०२३ मध्ये नासकारची ऑल-स्टार शर्यत (निवडक चालकांची, गुण न देणारी) झाली, तेव्हा तेथील स्टँड भरले होते.