मदत हवी आहे: खूर असलेल्या लांडग्याचे पाय कसे काढू? (तातडीचं)

रंगवेडा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. एका जिल्हा परिषद शाळेची बाहेरची भिंत रंगवायला घेतली आहे, विषय प्राचीन प्राणी. त्यात तो खूर असलेला मांसाहारी लांडगा काढलाय, मोठ्या डोक्याचा. जबडा, मान, पाठ, शेपूट सगळं झालं. पाय गुडघ्यापर्यंत आलेत आणि तिथे अडलोय. नेटवर एका चित्रात पंजे आहेत, दुसऱ्यात गाईसारखे खूर, तिसऱ्यात चक्क डुकरासारखे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. हातात चार दिवस, त्यातला एक वाळायला जाणार. नक्की काय काढू? फक्त पायांबद्दल सांगा, बाकी सगळं ठरलेलं आहे.

चिकित्सक_काकू
कोणता प्राणी ते नाव लिहा ना आधी. खूर असलेले शिकारी काय एकच होते का? आणि तुम्ही कशावरून काढताय, पुस्तक की नेट?

सह्याद्रीचा_भटक्या
माझं ऐका, सरळ तरसाचे पाय काढा. आमच्याकडे डोंगरात तरस भरपूर, मी रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिलंय, मोठं डोकं आणि उतरती पाठ. हाडं फोडणारा प्राणी म्हणजे तसाच असणार. पोरांना तेवढा फरक कळत नाही.

डॉ_गोठेवाला
भटक्या, पोरांना कळतो. गावातली पोरं खूर आणि पंजा रोज बघतात, त्यांना फसवू नका.
रंगवेडा, मी गुरांचा डॉक्टर आहे, पायांचं मी सांगतो. तुम्ही म्हणताय तो मेसोनिकिड कुळातला प्राणी असावा. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, त्यानंतर थोड्याच काळात हे कुळ दिसू लागतं आणि आशिया, युरोप, उत्तर अमेरिकेत पसरतं. वाघ, लांडगे त्या वेळी नव्हतेच. डिसाकस, पाकिएना, मेसोनिक्स, सिनोनिक्स ही त्यातली नावं.
आता पाय. खूर म्हणजे नखच, फक्त बोटाच्या शेवटच्या हाडाला टोपीसारखं बसलेलं. कुत्र्याचं ते शेवटचं हाड टोकदार आणि बाकदार असतं. मेसोनिकिडचं चपटं, रुंद आणि टोकाला मधोमध चीर गेलेलं. अशा हाडावर आकडेदार नखी बसूच शकत नाही. तेव्हा कुत्र्याच्या पायाची ठेवण घ्या, बोटांवर चालणारा, चार बोटं जवळजवळ, आणि प्रत्येक बोटाला स्वतंत्र बारका बोथट खूर. शरीराचं वजन तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधून जातं, म्हणून ती दोन किंचित मोठी. गाईसारखा दुभंगलेला मोठा खूर अजिबात नको.

रंगवेडा
डॉक्टर, लाख धन्यवाद! हेच हवं होतं. उद्या सकाळी सुरू करतो.

हडसनपार
थांबा, थांबा. सुरू करू नका. 'मोठ्या डोक्याचा' म्हणालात, डोकं किती मोठं काढलंय? चित्राखाली नाव काय होतं?

रंगवेडा
मुख्याध्यापकांनी दिलेल्या जुन्या तक्त्यावरून काढलंय. नाव अँड्र्यूसार्कस. भिंतीवर डोकं तीन फुटांचं आलंय, तक्त्यात खऱ्या मापाने काढा असं लिहिलं होतं.

हडसनपार
मला तीच शंका होती. मी न्यू जर्सीत राहतो, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मुलीला घेऊन बरेचदा जातो. ती कवटी मी समोर उभं राहून पाहिली आहे. लांबी ८३.४ सेंटीमीटर, गालाच्या हाडांपाशी रुंदी ५६. मुलगी तिच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, याचं बाकीचं कुठे आहे?"
बाकीचं नाहीच. १९२३ साली इनर मंगोलियात इर्दिन मन्हा भागात ही कवटी सापडली. मोहीम रॉय चॅपमन अँड्र्यूजची म्हणून त्याचं नाव मिळालं, पण कवटी हाती लागली कान चुएन पाओ या चिनी सहकाऱ्याला. १९२४ साली हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्नने तिचं वर्णन केलं. खालचा जबडासुद्धा सापडलेला नाही. पाय तर लांबच. ऑस्बॉर्नने मेसोनिक्सच्या प्रमाणात वाढवून लांबी साडेबारा फूट आणि खांद्यापाशी उंची सहा फुटांच्या वर धरली. तुमच्या नेटवरच्या तिन्ही चित्रांतले पाय चित्रकारांच्या मनातले आहेत, म्हणून ते तीन प्रकारचे आहेत.

डॉ_गोठेवाला
पण ऑस्बॉर्नने त्याला मेसोनिकिडच म्हटलं होतं. मग पाय मेसोनिकिडचे काढायला हरकत काय?

मातीतला_माणूस
हरकत आहे, डॉक्टर. मी भूविज्ञानात चाळीस वर्षं काढली. आता त्याला मेसोनिकिडांत धरत नाहीत. पाणघोडे, देवमासे आणि एंटेलोडॉन्ट यांच्या फांदीवर ठेवतात. एंटेलोडॉन्ट म्हणजे रानडुकरासारखे दिसणारे पण डुक्कर नसलेले, गालाची हाडं बाहेर आलेले धिप्पाड प्राणी. उत्तर अमेरिकेतला डेओडॉन खांद्यापाशी माणसाएवढा उंच होता, कवटीच तीन फुटांच्या आसपास. ते मांस खायचे, हाडं फोडायचे, कंदमुळंही खायचे. आणि त्यांच्या पायाला टेकणारी बोटं दोनच, गाईसारखी. म्हणजे तुम्ही दिलेला चार बोटांचा पाय मेसोनिक्सला शंभर टक्के बरोबर, पण अँड्र्यूसार्कसला बहुधा चूक.

डॉ_गोठेवाला
बहुधा म्हणजे तुम्हीही पाहिलेला नाही.

मातीतला_माणूस
कोणीच नाही पाहिलेला. तेच म्हणतोय.

बाबू_रंगवाले
मुद्द्याचं कोणी विचारतच नाही. भिंत उत्तरेकडची आहे का? ओल असेल तर खूर काढा नाहीतर पंजे, दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघणार. आधी प्लास्टर ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून भरा. प्रायमरचे दोन हात आणि वर बाहेरच्या कामाचा अ‍ॅक्रेलिक. मी वीस शाळा केल्यात.

रंगवेडा
बाबूशेठ, प्रायमर झालाय, भिंत कोरडी आहे. धन्यवाद.
मंडळी, मी गोंधळलोय. माझ्याकडे तीन दिवस आहेत. चार बोटं की दोन? एक उत्तर द्या, कारण त्याच्या पुढे बाण काढून देवमासाही रंगवायचा आहे, तो अजून हातच लावलेला नाही.

चिकित्सक_काकू
बाण? कसला बाण? हे आता सांगताय?

रंगवेडा
तक्त्यात आहे तसा. लांडगा, बाण, पाण्यात उतरलेला लांडगा, बाण, देवमासा. भिंतीचं शीर्षकच 'जमिनीवरून समुद्रात' आहे. मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं.

निवृत्त_मास्तर
बरोबरच आहे तक्ता. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मेसोनिकिड हेच देवमाशाचे पूर्वज. लेह व्हॅन व्हेलन यांनी १९६६ साली मांडलं आणि दातांचा पुरावा पक्का आहे. आद्य देवमाशांच्या दाढा आणि मेसोनिकिडच्या दाढा शेजारी ठेवा, त्रिकोणी टोकं, करवतीसारखी रांग. हे काही कोणी हवेतून काढलेलं नाही.

मातीतला_माणूस
मास्तर, तुम्ही शिकवलंत तेव्हा ते बरोबरच होतं, आम्हीही तेच शिकलो. पण नव्वदच्या दशकात डीएनएचे पुरावे यायला लागले आणि देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा निघाला. तेव्हा हाडंवाले आणि डीएनएवाले यांच्यात चांगलीच जुंपली होती. निकाल २००१ साली लागला, घोट्याच्या एका हाडावर. पाकिस्तानात आद्य देवमाशांचे घोटे सापडले. जीवाश्मतज्ज्ञ गिंगरिच यांच्या गटाला बलुचिस्तानात आर्टिओसेटस आणि रोडोसेटस या आद्य देवमाशांचे, जीवाश्मतज्ज्ञ थेविसन यांच्या गटाला पाकिसेटसचे. दोन्ही गटांना तेच दिसलं.
ते हाड तुम्ही घरी पाहू शकता. मटणवाल्याकडून बोकडाच्या मागच्या तंगडीचा घोट्याचा सांधा मागून घ्या, शिजवून साफ करा. सुपारीपेक्षा थोडं मोठं, चौकोनी हाड निघेल. वर विहिरीच्या रहाटासारखी खाच, आणि खालीही तशीच खाच. दोन्ही टोकांना कप्पी. घोड्याच्या त्याच हाडाला वर कप्पी आणि खाली सपाट, कुत्र्याच्या हाडाला वर कप्पी आणि खाली गोल डोकं. खालची कप्पी फक्त सम खुरांच्या प्राण्यांत असते, म्हणजे गाय, बकरी, हरीण, उंट, डुक्कर, पाणघोडा. मेसोनिकिडच्या घोट्यात ती नाही. पाकिसेटसच्या घोट्यात आहे.

निवृत्त_मास्तर
मग दातांचं काय? एवढं साम्य फुकट होतं का?

मातीतला_माणूस
फुकट नाही. दोघंही जबडा सरळ वर-खाली आपटून मांस तोडत होते, म्हणून दाढा तशा घडल्या. पक्ष्याचा पंख आणि वटवाघळाचा पंख सारखं काम करतात, पण म्हणून वटवाघूळ पक्षी होत नाही, हे तुम्हीच वर्गात सांगितलं असेल. काम सारखं म्हणून आकार सारखा.

निवृत्त_मास्तर
सांगितलं आहे, दर वर्षी. ठीक आहे, घोट्याचं हाड मी आणून बघतो. तोवर माझा शब्द मागे घेत नाही.

कोकणकन्या
अवांतर: २०२३ साली गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा गावातले लोक दिवसरात्र त्याच्यावर पाणी मारत होते. माझा भाऊ गेला होता. तो म्हणाला, त्याचा श्वास ऐकून अंगावर काटा आला, म्हशीच्या श्वासासारखा मोठा. आपण त्याला मासा का म्हणतो कोण जाणे.

डॉ_गोठेवाला
कोकणकन्या, अवांतर नाही ते. म्हैस त्याच गोतावळ्यातली आहे. देवमाशाच्या पोटात आजही कमरेची दोन लहान हाडं असतात, मागच्या पायांची उरलेली.

अनुश्री_पुणे
माझ्या मुलाला जीवाश्मशास्त्रात करिअर करायचं आहे, दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी? कोणी सांगेल का?

चिकित्सक_काकू
अनुश्री, वेगळा धागा काढा, नक्की उत्तरं येतील. इथे रंगवेडांची घाई आहे.

रंगवेडा
म्हणजे बाण चुकीचा? माझा अर्धा प्राणी भिंतीवर आहे, साडेबारा फूट लांब. पुसला तर दोन दिवसांची मेहनत आणि तीन लिटर रंग गेला. मुलं रोज सुट्टीत येऊन त्याच्या दातांना हात लावतात. मी तो पुसणार नाही.

हडसनपार
पुसू नका, गरजच नाही. अँड्र्यूसार्कस देवमाशांच्या गणगोतातलाच आहे, फक्त बाप-आजोबांच्या ओळीत नाही. बाण काढा, म्हणजे पुसून टाका. त्याला बाजूचा नातेवाईक म्हणून राहू द्या.

मातीतला_माणूस
आणि ओळीच्या सुरुवातीला इंडोह्यूस काढा. आपल्या मातीतला आहे, जम्मूतल्या कालाकोटचा. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी तिथले दगड गोळा केले आणि १९७१ साली हे नाव दिलं. नावाचा अर्थ भारताचं डुक्कर. राव गेल्यावर दगड तसेच पडून होते. त्यांच्या पत्नीने ते जपले आणि पुढे थेविसन यांच्या हवाली केले. साफ करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला आणि आत हाडाची जाड कड दिसली. ती जाड कड देवमाशाच्या कानाची खूण आहे. २००७ साली हे प्रसिद्ध झालं, त्या लेखकांत आपले सुनील बाजपेयीही होते.
मांजरापेक्षा फार मोठा नव्हता, पाय बारीक हरणासारखे, खूर असलेले. पण पायांची हाडं आतून भरीव आणि जड, पाणघोड्यासारखी, म्हणजे उथळ पाण्यात तळाशी चालणारा. तोही देवमाशाचा थेट आजोबा नव्हे, आजोबाच्या भावाच्या घरातला धरा.
आणि डॉक्टरांसाठी एक. रोडोसेटस पोहणारा, मासे खाणारा देवमासा होता, तरी त्याच्या पुढच्या पायाच्या मधल्या तीन बोटांना बारीक खूर होते. भिंतीवर खूर असलेला शिकारी हवा असेल तर तो काढा, त्याचे खूर खात्रीचे आहेत.

डॉ_गोठेवाला
हे मला माहीत नव्हतं. पोहणाऱ्या प्राण्याला खूर! मी आज गोठ्यात दहा जणांना सांगणार.

रंगवेडा
ठीक. बाण पुसतो. इंडोह्यूस डावीकडे कोपऱ्यात येतो, जागा आहे. मग रोडोसेटस पोहताना, पुढच्या पायाला तीन खूर, मग देवमासा. अँड्र्यूसार्कसचे पाय मात्र अजून राहिलेच. उंच गवतात लपवू का?

मातीतला_माणूस
गवत नको! चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी माळरानं अशी पसरलीच नव्हती, गवताळ रानं बरीच नंतरची. नदीकाठचा चिखल काढा, नेचे आणि झुडपं काढा. घोट्यापर्यंत चिखलात रुतलेला दाखवा.

चिकित्सक_काकू
आणि बाजूला लिहा की याचे पाय अजून सापडलेले नाहीत. मुलांना ते वाचायला मिळालं पाहिजे. त्यांच्यातलं कोणी शोधायला जाईल.

रंगवेडा
काकू, लिहितो. मोठ्या अक्षरात, त्याच्या पायापाशी.

रंगवेडा (दोन दिवसांनी)
झालं. चिखल तपकिरी आणि थोडा हिरवट घेतला, चारही पाय घोट्यापर्यंत आत. इंडोह्यूसचे खूर मात्र डॉक्टरांना विचारून नीट काढले, सगळ्यात बारीक ब्रशने. सकाळी मटणवाल्याकडून ते हाड आणलं. दोन कप्प्या खरंच आहेत, अंगठा खाचेत ठेवला की आपोआप घसरतो. भोक पाडून जाड दोऱ्याने भिंतीशेजारच्या खिळ्याला बांधलंय. चौथीतल्या एका मुलीने ते स्वतःच्या घोट्याशी लावून बघितलं आणि विचारलं, माझ्यात खालची कप्पी आहे का. नाही म्हटल्यावर ती कुत्र्याचा घोटा चाचपायला पळाली.
मास्तर, तुमचं हाड आलं का?

निवृत्त_मास्तर
आलं. दोन कप्प्या आहेत. तुमच्या शाळेत येऊन मुलांना घोट्याचा धडा घेईन म्हणतो, मुख्याध्यापकांना विचारा. दातांचाही घेईन.