पुताईवाला उद्या येतोय आणि गणपतीच्या फोटोमागे कुंभारीण माशीचं घर निघालंय, काय करू?

रामबागची सून, 11 जुलै

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घाईचा आहे. गणपतीच्या आधी बैठकीला रंग द्यायचा म्हणून आज भिंतीवरचा मोठा फोटो उतरवला. घर जुनं. फोटो वर खिळ्याला टांगलेला आणि खाली भिंतीला टेकलेला, त्यामुळे मागे चार बोटं पोकळी राहते. तिथे मातीचं घर निघालं. शेजारीशेजारी चिकटवलेल्या चार नळ्या आणि वरून सगळ्यांवर मिळून थापलेला चिखल. लांबून बघाल तर कुणीतरी ओल्या मातीचा गोळा भिंतीवर फेकून मारलाय असं वाटेल. रंग आपल्या काळ्या मातीचा, मधेच एक तांबडा पट्टा.

फोटोची कड लागून एक नळी फुटली आणि आतून कोळी सांडले. हो, कोळी. मोजले, अकरा. काही गोल पोटाचे, दोन हिरवट, एक तर जास्वंदीवर नेहमी दिसतो तसा उड्या मारणारा. मेले असतील म्हणून केरसुणी लावली तर एकाचा पाय हलला. मग दुसऱ्याचा. पळत मात्र एकही नव्हता. त्यातल्या एकाच्या पोटाला तांदळाच्या दाण्याएवढी पिवळट अळी चिकटलेली होती.

सासूबाई म्हणाल्या, कुंभारणीचं घर आहे, मोडायचं नाही. ती किडा आणून कोंडते, त्याच्यापाशी गुणगुणते, आणि तो तिचं ध्यान करताकरता तिच्यासारखाच होतो. आमचे हे म्हणतात गांधीलमाशी आहे, कुणाला तरी डसेल, फिनेल ओत. पुताईवाला उद्या नऊला हजर. अकरा कोळी आणि अळी सध्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहेत. यात कोण कुणाला खातंय? आणि भिंतीवरच्या तीन नळ्यांचं काय करू?

मालवी_माणूस

ताई, खरवडून टाका आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे इन्व्हर्टरच्या प्लगच्या तिन्ही भोकांत चिखल भरून ठेवला होता, पिन आत जाईना, मी वायरमनला शंभर रुपये दिले. पण एक सांगतो, तुमची ती कुंभारीण नव्हे. कुंभारीण कोळी आणत नाही, हिरव्या अळ्या आणते. आणि तिचं चक्क मडकं असतं, काठासकट, लिंबाएवढं. लहानपणी महू गावच्या घरी मी स्वतः फोडून पाहिलंय.

निवृत्त_कॅशियर

सूनबाई, फिनेल नको. आणि ह्यांना सांगा, ही गांधीलमाशी नाही. गांधीलमाश्यांचं पोळं असतं, त्याला पहारा असतो, जवळ गेलात की अंगावर येतात. ही एकटी राहते. हाताने धरून दाबलीत तरच डसेल. शेवटची नळी लिंपून झाली की ती त्या घराकडे वळूनही बघत नाही.

मी 34 वर्षं बँकेत नोटा मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या व्हरांड्यात ही भेटली. काळी, पायांवर पिवळे पट्टे, आणि छाती-पोटाच्या मधे सुईएवढी पिवळी कंबर. शास्त्रातलं नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटानम, पण मी तिला ‘खातेदार’ म्हणतो. बायको हसते. तेव्हापासून दर वर्षाची डायरी अर्धी हिच्या नोंदींनी भरते.

आधी मातीचं. मे महिन्यात आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी नळाखालचा चौकोन भिजतो आणि बाई हजर. तुरीच्या दाण्याएवढी गोळी तोंडात धरायची, उडायचं, अर्धवर्तुळाकार पट्टी लावायची, परत. एका नळीच्या मी 27 खेपा मोजल्या आहेत. तुमच्या घरावरचा तांबडा पट्टा मुरमाचा असणार. जवळपास कुठे बांधकाम चालू आहे का? जिथे ओल मिळेल तिथून ती उचलते, प्रत्येक ठिकाणचा रंग वेगळा निघतो.

सासूबाई म्हणतात ती गुणगुण खरी आहे, शंभर टक्के. चिखल लावताना ती सगळं अंग थरथरवते, त्याने ओली गोळी पसरते आणि बसते. त्याचा बारीक झिंईऽ असा आवाज येतो, कान लावायचीही गरज नसते. गोळी संपली की आवाज बंद. गवंड्याची थापी ऐकून कुणी पूजा चालली आहे म्हणावं, तसं झालंय ते.

नळी तयार झाली की शिकार. ही वरून झडप घालणाऱ्यांतली नाही. भिंतीच्या कडा, पानांची खालची बाजू, कुंडीमागची जाळी, थोडं चालत, थोडं उडत, मिशा एकसारख्या हलवत झाडा घेते. कोळी दिसला की मिठी मारून पोटाकडच्या बाजूने नांगी, जिथून पायांच्या नसा निघतात तिथे. दोनचार सेकंदांत कोळी लुळा. मारत नाही, हीच तर तिची अक्कल. जुलैच्या दमटात मेलेला कोळी दोन दिवसांत कुजेल. लुळा पडलेला आठवडा आठवडा ताजा राहतो. तुम्हाला पाय हलताना दिसले ते म्हणून.

एका खेपेला एक कोळी. नळीत पहिला कोळी ठेवला की त्याच्या पोटावर एकच अंडं घालते, पांढरट, केळ्यासारखं वाकडं. मग वर बाकीचे दाबून भरते. कोळी मोठे मिळाले तर सहासात पुरतात, बारीक असले तर वीसच्या वरही जातात. भरता भरता अंधार पडला तर तोंडाला पातळ चिखलाचं कच्चं झाकण लावून जाते, सकाळी ते फोडून उरलेले भरते. कॅश काउंटर बंद करून जावं तसं. पुरे झाले की पक्कं झाकण, आणि शेजारी दुसरी नळी.

अंडं दोनतीन दिवसांत फुटतं. अळीला पाय नाहीत, डोळे नाहीत. ज्या कोळ्यावर जन्मली त्याच्या मऊ पोटापासून सुरुवात करते आणि एकेक करत सगळे संपवते, पाय तेवढे टाकून देते. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तांदळाचा दाणा अकरा जणांना खातोय. बरणी मोडू नका. झाकणाला भोकं पाडा, आत कापूस-पाणी काही नको, उन्हात ठेवू नका, आणि अळीला कोळ्यावरून उचलू नका. माझ्याकडे फुटलेल्या नळीतली अळी अशीच काडेपेटीत वाढली होती.

खाणं संपलं की ती स्वतःभोवती कोश विणते, कांद्याच्या टरफलासारखा पातळ आणि तपकिरी. आणि मग, चारचौघांत सांगू नये पण सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा शी करते. तोवर आतला मार्गच बंद असतो, नाहीतर बंद खोलीत जेवण खराब व्हायचं. कोशाच्या तळाला तो काळा गोळा दिसेल. माझ्या एका नळीची नोंद: 9 जुलैला लिंपली, 13 ऑगस्टला गोल भोक पडलं. पण नोव्हेंबरात लिंपलेली एक नळी मार्चपर्यंत उघडली नाही, कोशात अळी तशीच निजून होती. आणि हा सगळा खटाटोप करणारी आई स्वतः जगते फुलांच्या रसावर. कोळी फक्त पोरांसाठी.

मालवी_माणूस, तुमचंही खरं आहे. मडकं करणारी वेगळी आणि तीच अळ्या आणते. दोघींनाही आपण कुंभारीण म्हणतो, त्याला इलाज नाही. मडकेवालीची रीत उलटी. ती आधी अंडं घालते, मडक्याच्या छताला बारीक दोऱ्याने लोंबकळतं ठेवते आणि मग अळ्या भरते. तिच्या अळ्या पूर्ण लुळ्या पडत नाहीत, वळवळतात. खाली ठेवलं असतं तर अंडं चिरडलं असतं.

दत्ताच्या चोवीस गुरूंत ही आहे. सासूबाईंनी सांगितली ती ध्यान करताकरता तिच्यासारखं होण्याची गोष्ट, कीटभृंग न्याय म्हणतात तो हाच. तिथला कीटक म्हणजे अळीच धरतात, तेव्हा तो मान बहुधा मडकेवालीचा. पण मला नेहमी वाटतं, ज्याने कुणी पहिल्यांदा पाहिलं त्याने चूक कॅशियरची केली नाही, ऑडिटरची केली. एक किडा भिंतीत जमा झालेला त्याने पाहिला, एक माशी भिंतीतून नावे पडलेली पाहिली, दोन्ही नोंदी बरोबर. मधलं पान त्याने उघडलं नाही. उघडणार कसं? घर मोडायचं नाही म्हणून सांगणाऱ्या सासूबाई तेव्हाही असतीलच.

उद्याचं सोपं आहे. पुताईवाल्याला तेवढी वीतभर जागा सोडायला सांगा. फोटोमागे कोण बघतंय?

इंजिनवाला_विजयनगर

कॅशियर काका, मानलं. प्लगवरून आठवलं. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बोइंग 757 समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी असते, पिटो ट्यूब, ती बंद झाली होती. विमान बरेच दिवस उभं होतं आणि नळीला टोपी नव्हती. ती नळी समुद्रातून निघालीच नाही, पण तपासात संशय तिकडच्या चिखल थापणाऱ्या माशीवरच गेला. ताईंच्या फोटोमागे ती आहे हे त्यामानाने बरंच म्हणायचं.

रामबागची सून, 12 जुलै

काका, वीतभर चौकोन सुटला. पुताईवाल्याने तीनदा विचारलं, मॅडम पक्का? बरणी फ्रिजच्या वर ठेवली आहे. बांधकामाचं तुम्हाला कसं कळलं? मागच्या गल्लीत तीन मजली चाललंय, रस्त्यावर मुरमाचा ढीग आहे.

रामबागची सून, 17 ऑगस्ट

धागा वर आणते, कारण निकाल लागला. अळीने आठ दिवसांत अकराच्या अकरा संपवले, शेवटी शेवटी ती चवळीच्या दाण्याहून जाड झाली होती आणि बरणीच्या तळाला नुसते पायांचे तुकडे. मग कोश. काळा गोळासुद्धा दिसला, ह्यांनी भिंग लावून पाहिला आणि जेवायला नाही म्हणाले. परवा, स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी, बरणीत ती उभी. पिवळी कंबर अगदी तुम्ही सांगितली तशी. सासूबाईंना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हिला हिच्या आईने एकदाही पाहिलं नाही?” मी नाही म्हटलं. मग त्यांनीच बरणी अंगणात नेऊन झाकण काढलं.

भिंतीवरच्या तीनपैकी दोन नळ्यांना आता गोल भोकं आहेत. तिसरी बंद. तिच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा एक डाग आहे, तिथे माती वेगळी दिसते, जणू कुणी नंतर बुजवली. जुलैत एक चमकदार हिरवी-निळी माशी त्या घरावर घुटमळताना दिसली होती, पाच मिनिटं तरी. हात पुढे केला तर अंगाचा गोळा करून खाली पडली. काही संबंध?

निवृत्त_कॅशियर

मोठा संबंध. अफरातफर! ती कोकिळेच्या जातीची समजा. स्वतः घर बांधत नाही, शिकार करत नाही. दुसरीच्या भरलेल्या नळीत आपलं अंडं सोडते, आणि आत कुंभारणीच्या पोराच्या जागी हिचं पोर वाढतं. गोळा होऊन पडणं ही तिची ढाल, कवच इतकं कडक असतं की नांगी शिरत नाही. डाग दिसतोय त्या अर्थी तिसरीतून हिरवी निघेल. माझी भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाची एक प्लेट लागली, सराफा बाजारातल्या खाऊगल्लीतली.

रामबागची सून, 18 ऑगस्ट

पैज मंजूर, मी पिवळ्या कंबरेच्या बाजूने. फोटो अजून कपाटावरच आहे. तिसरीचं दार उघडल्याशिवाय भिंतीवर लावायचा नाही असं सासूबाईंनी सांगितलंय, आणि गणपती तोंडावर आलेत.