'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' : आपले अनुभव

सप्रेम जय ख्रिस्त. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांतल्या, तिसऱ्या रविवारी अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) जांभळ्या मेणबत्त्यांच्या जोडीला एक गुलाबी मेणबत्ती लावली जाते. पश्चात्तापाच्या त्या काळात हा रविवार आनंदासाठी राखलेला आहे आणि त्याचे परंपरेने चालत आलेले वचन, म्हणजे वरचे शीर्षक, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले आहे. प्रेषित पौलाने ते पत्र बंदिवासातून लिहिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हणूनच या धाग्यात सुखाच्या दिवसांपेक्षा पीक, प्रकृती, घर आणि वय बदलत असताना आनंद कोणाच्या सोबतीने टिकला, हे लिहावे, अशी विनंती आहे.

शेतकरी, जालना जिल्हा

रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी वसवलेले बेथेल हे ख्रिस्ती गाव आमच्याच जिल्ह्यातले, आणि आमच्यासारखी कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेतीवरच जगत आली आहेत. 2012 साली पावसाने पाठ फिरवली. पुढच्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी घालूनही मोसंबीची बाग वाचेना, तेव्हा आम्ही ती तोडली आणि लाकूड सरपणाला गेले. कापणीचा सण करावा की नाही, यावर मंडळीत बरीच चर्चा झाली. एरवी या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, ऊस, कोंबड्या असा ढीग लागतो आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या वर्षी आणायचे काय? मंडळीतल्या एका वयस्कर आत्याबाई म्हणाल्या, "देणारा तोच आहे ना, मग सण कशाला थांबवायचा?" त्यापुढे कोणी बोलले नाही.

सण झाला. वेदीपुढे सुपात थोडी बाजरी, तांब्याभर शेळीचे दूध, सुकत आलेली लिंबे आणि कडब्याची एक पेंढी होती. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला गेला : अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. गुरांच्या ओळीपाशी वाचणाऱ्या मुलाचा आवाज अडला, कारण त्यांच्या घरची बैलजोडी नुकतीच बाजारात गेली होती; तो थांबला, पण पुढची ओळ त्यानेच पूर्ण केली. लिलावात ज्याने पेंढी घेतली त्याने ती पुन्हा अर्पण केली, दुसऱ्याने घेऊन तेच केले, आणि शेवटी ती चारा छावणीतल्या जनावरांपुढे पडली. बाग पुन्हा उभी राहायला वर्षे लागली. मात्र त्या सणानंतर आमच्या घरात जेवताना पुन्हा एकमेकांशी बोलणे सुरू झाले, एवढे मी खात्रीने सांगतो.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर

कर्करोगाचे उपचार चालू असताना भेटायला येणारी माणसे "आनंदी राहा" असे मायेने सांगत, आणि ते गेल्यावर मी अधिकच खचून जाई. महिला मंडळातल्या एक ताई मात्र तसे काही म्हणत नसत. त्या उशाशी बसून स्तोत्र 13 वाचत. त्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत 'किती काळ?' हा प्रश्न चार वेळा येतो आणि त्याच स्तोत्राचा शेवट गाण्याने होतो. तक्रार करण्याची मुभा पवित्र शास्त्रातच आहे, याचा मला मोठा आधार झाला. पुढे अंगात थोडे बळ आल्यावर आम्ही दोघी ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने म्हणू लागलो. लहानपणापासून पाठ असल्यामुळे, औषधांनी डोके जड असतानाही शब्द आपोआप ओठांवर येत. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी उपदेशापेक्षा गाणे घेऊन जावे, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त आजोबा, वसई

माझ्या बालपणी मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, तेव्हा घरातल्या थोरांना ते जड गेले होते. आता माझी पाळी आहे. केळीची वाडी गेली, जवळचे बावखल (गोड्या पाण्याचे छोटे तळे) बुजले, मुले कॅनडात स्थायिक झाली. मन रमेना, तेव्हा धर्मगुरूंनी नाताळच्या गोठ्याचे काम माझ्याकडे सोपवले. नव्या इमारतींतली, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले माझ्याबरोबर पेंढा पसरतात आणि मेंढरे कुठे ठेवायची यावर हिरिरीने भांडतात. माझ्या मुलांची आठवण येतेच, ती यावीही; पण डिसेंबर आता मला नकोसा वाटत नाही.

परिचारिका, पुणे

माझा अनुभव लहानसाच आहे. पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) रात्रपाळी संपवून आम्ही काही जणी गणवेशातच पहाटेच्या उपासनेला जातो. ज्या रात्री वॉर्डातले कोणी दगावलेले असते, त्या पहाटे 'तो उठला आहे' हे म्हणताना आमचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघतो, कारण तेव्हा ते म्हणण्याची गरजही मोठी असते. रात्रपाळी करणाऱ्या इतर बहिणी सणांच्या उपासना कशा साधतात, हे वाचायला मला आवडेल.